अण्णांसाठी मोजे विणायला घेतलेत, टाचेपाशी अडले आहे

तेरणाकाठ | २ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार. मी औसा तालुक्यातल्या एका गावात राहते. स्वेटर विणता येतो, आजीनं शिकवला. टोपरी आणि लेकरांची बुटं तर भावकीत प्रत्येक बारशाला केली. मोठ्या माणसाचे मोजे मात्र कधी केले नाहीत, आणि आमच्या गल्लीत ते येणारं कुणी नाही.

आत्ताच का, तर हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यायचे दिवस आहेत. आमच्याकडं शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. अण्णा बाराला बॅटरी घेऊन रानात जातात ते पहाटे येतात. आल्यावर चुलीपुढं पाय धरून बसतात, तरी बराच वेळ पायात ऊब येत नाही. काळ्या रानात राबणाऱ्या बहुतेकांच्या असतात तशा टाचांना भेगा आहेत. दुकानातले मोजे आणले तर घोट्याला वळ उठतो आणि टाचेचा भाग सरकून तळव्याखाली गोळा होतो. त्यांचं पाऊल चवड्याला रुंद आहे. त्या पायाच्या मापानं केलेला जोड त्यांना मिळावा एवढंच मनात आहे.

व्हिडिओत एका बाईंनी दोन नंबरची सुई सांगितली. लातूरला गेले तेव्हा गंजगोलाईत मागितली, तर त्यांनी दाखवलेली सुई पेन्सिलीएवढी जाड. ती नको म्हणून घरातल्या आठ नंबरवरच सुरुवात केली. चार बोटं विणून अण्णांच्या पायात घालून बघितलं तर नुसती जाळी. सगळं उसवलं.

तर सुई कोणती घ्यावी? दोन सुयांवर गोल कसं विणायचं? आणि टाचेशी त्या बाई मधूनच काम फिरवतात, अर्धे टाके सोडून देतात, ते का? तिथं मला काहीच उमगत नाही.

सुलट_उलट | २ डिसेंबर, रात्री १०.१५

बाळ, तुझी चूक नाही, नंबरांचा घोळ आहे. आपल्याकडच्या सुयांवर जुने इंग्रजी नंबर असतात. त्यात नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा म्हणजे ३.२५, बारा म्हणजे २.७५, तेरा म्हणजे २.२५ आणि चौदा म्हणजे २. अमेरिकेत नेमकं उलटं, नंबर वाढला की सुई जाड. तिथली दोन नंबर २.७५ मिलिमीटरची, म्हणजे आपली बारा. आपल्या मोजणीतली दोन नंबर ७ मिलिमीटरची होते, तीच तुला दुकानात दाखवली. यापुढं कुठलाही व्हिडिओ बघताना नंबर सोडून दे, मिलिमीटर बघ.

चार पदरी लोकर असेल तर मोज्यांना बारा नंबर. हात सैल असेल तर तेरा. स्वेटरला त्याच लोकरीवर आपण दहा नंबर वापरतो, पण मोज्याची वीण घट्टच हवी. पाय दिवसभर घासतो, सैल वीण आठ दिवसांत विरते.

गोदाकाठ | २ डिसेंबर, रात्री १०.५०

नांदेडहून. गोल विणायला दोन रस्ते आहेत. दोन्ही टोकांना टोकदार असलेल्या पाच सुयांचा संच मिळतो. चार सुयांवर टाके वाटायचे, पाचवीनं विणायचं. नाहीतर ८० सेंटिमीटरची एकच गोल सुई घ्या, मधल्या वायरचा फास बाहेर ओढून ठेवा आणि अर्धे अर्धे टाके विणत जा. मी याच पद्धतीनं शिकलो. बसमध्ये विणताना सुई निसटून सीटखाली जात नाही, हा मोठा फायदा. गोल सुई घेताना वायर मऊ आहे का ते वाकवून बघा, ताठ वायरीवर फास राहत नाही.

दुधनाकाठची | ३ डिसेंबर, सकाळी ७.२०

आमच्या सेलूकडं माझी आत्या सायकलच्या स्पोकवर विणायची. पंक्चरवाल्याकडून जुने स्पोक आणायचे, डोकं आणि आटे कापायचे, दोन्ही टोकं कानशीनं घासून गुळगुळीत करायची, शेवटी खोबरेल तेल लावून कापडानं पुसायचं. साधारण दोन मिलिमीटरची सुई होते. अजून चार सुया माझ्याकडं आहेत. संच मिळेपर्यंत अडून बसू नका, फक्त टोक बोटाला आणि लोकरीला लागत नाही ना ते बघा.

सुलट_उलट | ३ डिसेंबर, दुपारी २.०५

आता माप. अण्णांना सकाळी पाय धुतल्यावर उभं कर, बसवून माप घेऊ नकोस. उभं राहिलं की पाऊल पसरतं. चवडा सगळ्यांत रुंद असतो तिथं दोरा गुंडाळ आणि दोरा पट्टीवर मोज. मग टाच ते अंगठ्याचं टोक अशी लांबी घे. दोन्ही आकडे इथं लिही.

बारा नंबरवर चार बोटं रुंद नमुना विण, धू, वाळव, आणि मग एका इंचात किती टाके बसतात ते मोज. नमुना न धुता मोजू नकोस.

तेरणाकाठ | ५ डिसेंबर, रात्री ८.३०

काकू, चवडा साडेनऊ इंच, लांबी साडेदहा. नमुन्यात इंचाला सात टाके बसले. पाच सुयांचा संच मागवला आहे, तोवर दुधनाकाठच्या ताईंनी सांगितलं तसे स्पोक घासून सवय करतेय.

सुलट_उलट | ५ डिसेंबर, रात्री ९.१०

छान. मोजा पायापेक्षा दहाव्या हिश्शानं लहान विणायचा, म्हणजे तो ताणून बसतो आणि सरकत नाही. साडेनऊचा दहावा हिस्सा वजा केला की साधारण साडेआठ. साडेआठ गुणिले सात म्हणजे ५९ आणि थोडे वर. चारानं भाग जाणारा आकडा हवा, म्हणून ६०. दोन सुलट दोन उलटची बॉर्डर त्यात बरोबर बसते.

टाके घालताना दोन सुया एकत्र धरून घाल, सगळे टाके घातले की एक सुई काढून घे. दुकानातल्या मोज्यांनी वळ उठतो म्हणालीस ना, तर घातलेली कड सैल राहणं फार महत्त्वाचं आहे. टाके गोल जोडताना कड कुठं पिळवटली नाही ना ते बघ. एकदा पीळ पडला की तो शेवटपर्यंत राहतो, उसवण्याशिवाय इलाज नाही.

बॉर्डर सहा इंच विण आणि थांब. टाच लिहायला मला निवांत वेळ हवा.

मायलेकी | ६ डिसेंबर, सकाळी ११.००

मधेच एक. माझ्या आईला साखरेचा आजार आहे, पायाला बधिरपणा आहे. अशा माणसासाठी विणत असाल तर आत गाठ ठेवू नका, दोऱ्याची टोकं दूरपर्यंत विणीत ओवून घ्या. गाठ टोचते हे त्यांना कळत नाही आणि नंतर जखम दिसते. बोटांपाशी उंच शिवण नको. मोजा काढल्यावर रोज तळपाय बघायचा, आणि साधा फोड दिसला तरी डॉक्टरांना दाखवायचा. मी आईचे मोजे पांढऱ्या लोकरीचेच करते, डाग लगेच दिसतो.

सुलट_उलट | ७ डिसेंबर, दुपारी ३.३०

टाच. नीट वाच, सुई हातात घेऊन वाच.

पाय ही सरळ नळी नाही. नडगीवरून खाली येतो आणि काटकोनात पुढं वळतो. विणीला हे वळण द्यायचं तर मागच्या बाजूला कापड जास्त हवं आणि पुढं कमी. त्यासाठी टाच. लेकरांच्या बुटात आपण चुण्या घालून निभावतो, मोठ्या पायाला ते चालत नाही.

६० पैकी ३० टाके पायाच्या वरच्या बाजूचे. ते दोन सुयांवर झोपू दे, त्यांना हात लावू नकोस. उरलेल्या ३० टाक्यांवर आता स्वेटरसारखं सरळ, मागे-पुढे विणायचं. सुलट बाजूनं एक टाका न विणता उचल, एक सुलट, असं ओळभर. उलट बाजूनं पहिला उचलून बाकी सगळे उलट. अशा ३० ओळी. उचललेल्या टाक्यांमागून धागा जातो म्हणून हा भाग दुहेरी जाड होतो, भेगांच्या टाचेला तोच हवा. या पट्टीच्या दोन्ही कडांना वेणीसारखी साखळी दिसेल, एका कडेला १५ कड्या.

आता वळण. सुलट बाजूनं १७ सुलट, पुढचे २ एकत्र, १ सुलट. डाव्या सुईवर १० टाके उरतील. उरू दे. काम फिरव. पहिला टाका उचल, ५ उलट, २ एकत्र उलट, १ उलट. या बाजूलाही १० उरतील. फिरव. आता बघ, विणलेल्या आणि सोडलेल्या टाक्यांमध्ये एक फट दिसते. इथून पुढं तीच फट तुझी खूण. पहिला टाका उचलून फटीच्या अलीकडं एक टाका राहीपर्यंत विण, अलीकडचा एक आणि पलीकडचा एक असे दोन एकत्र, मग एक साधा, आणि फिरव. दर खेपेला सोडलेल्यांतले दोन टाके आत येतात. दोन्ही बाजूचे संपले की सुईवर १८ टाके राहतात.

तू विचारलंस अर्धे टाके सोडून का देतात. मधला भाग जास्त ओळी विणला जातो आणि कडा थांबून राहतात, म्हणून मधे वाटीसारखा फुगवटा येतो. त्या वाटीत टाच बसते. हे हातानं झालं की कळतं, वाचून मलाही कळलं नव्हतं. मी १९८० च्या सुमारास जालन्याला शिक्षिका असताना शेजारच्या बाईंनी माझा हात धरून फिरवला होता.

मग १८ टाके विण, एका कडेच्या १५ कड्यांमधून १५ टाके उचल, झोपवलेले ३० विण, दुसऱ्या कडेचे १५ उचल. एकूण ७८. हे पुन्हा ६० वर आणायचे. एक फेरी साधी, एका फेरीत दोन्ही कोपऱ्यांना एकेक टाका घटवायचा. अशा घटीच्या नऊ फेऱ्या.

गोदाकाठ | ७ डिसेंबर, रात्री ८.००

काकूंचं लिहिणं छापून भिंतीला लावलंय.

एक भर घालतो. पट्टी आणि वरचे टाके जिथं भेटतात त्या कोपऱ्यात भोक पडतं, पहिल्या जोडात हमखास. तिथं एक टाका जास्तीचा उचला आणि पुढच्या फेरीत तो शेजाऱ्याबरोबर एकत्र विणा. भोक बुजतं.

मला विचाराल तर पहिल्यांदा शिकताना जाड लोकरीवर ३२ टाक्यांचा लेकराचा मोजा करावा. एका संध्याकाळी टाच वळवून होते, चूक झाली तर उसवायचं दुःख नाही.

दुधनाकाठची | ७ डिसेंबर, रात्री ९.२५

मला हे पटत नाही दादा. लहान मोज्यावर टाचेचे टाके इतके थोडे असतात की फट कुठं आणि कड कुठं हेच दिसत नाही. आणि मन लागत नाही. ज्याच्यासाठी करायचंय त्याचाच करावा, उसवला तर उसवला.

तेरणाकाठ | १२ डिसेंबर, रात्री १०.४५

टाच वळली! तीनदा उसवली, चौथ्यांदा वळली. काल रात्री अण्णा रानात होते, मी आणि आई जाग्याच होतो. आई फटी मोजायची आणि मी विणायची. शेवटी १८ टाके राहिले तेव्हा आईनं ती वाटी मुठीवर चढवून बघितली.

दोन अडचणी. सुया बदलतात तिथं उभी शिडी पडतेय, टाके सैल दिसतात. आणि दुसरी मोठी. आमचे अण्णा बूट घालतच नाहीत, अंगठ्याची चप्पल घालतात. पुढचा भाग नेहमीसारखा गोल केला तर चप्पल चढणार नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. अंगठा वेगळा करता येतो का?

सुलट_उलट | १३ डिसेंबर, सकाळी ९.००

शिडीसाठी नवीन सुईवरचा दुसरा टाका विणून झाल्यावर धागा ओढ. पहिला ओढून फरक पडत नाही, दुसरा ओढल्यावर पडतो. आणि दर पाच-सहा फेऱ्यांनी एक टाका पुढच्या सुईवर सरकव, म्हणजे जोड एकाच रेषेत येत नाही.

अंगठ्याचं मी कधी केलेलं नाही. कुणी केलंय का?

जुनी_पेटी | १३ डिसेंबर, दुपारी १२.४०

अंबाजोगाईहून. अंगठा वेगळा असलेले मोजे फार जुने आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसला सापडलेला एक जोड आहे, लाल लोकरीचा, साधारण इ.स. २५० ते ४२० या काळातला. अंगठा एकीकडं, बाकीची बोटं एकीकडं, कारण तेही पट्ट्याच्या चपलांमध्येच घालायचे. दोन सुयांचं विणकाम त्यानंतरचं, तो जोड नेढं असलेल्या एकाच सुईनं फास घालत केलेला आहे. तुमच्या अण्णांची गरज आणि त्यांची गरज एकच होती, हे वाचून मला फार बरं वाटलं.

मी स्वतः यजमानांसाठी दोन जोड केलेत. ६० टाक्यांवर असं करा. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यापर्यंत पाऊल साधं विणा. मग अंगठ्याच्या बाजूचे वरचे १० आणि तळव्याचे १० टाके वेगळे घ्या, बाकीचे ४० जाड दोऱ्यावर ओवून ठेवा. बेचक्यात ४ नवे टाके घाला. हे २४ टाके गोल विणत दोन इंच जा, मग सगळीकडं दोन-दोन एकत्र करून १२, पुन्हा एकदा करून ६, आणि धागा त्यातून ओवून आवळा. मग ते ४० टाके सुईवर घ्या, बेचक्यातून ४ उचला आणि ४४ वर उरलेली बोटं विणा. करंगळीच्या बाजूला जास्त घटवा, आपली बोटं उतरतीच असतात.

एक ध्यानात ठेवा, आता डावा आणि उजवा मोजा वेगळा झाला. पहिल्या मोज्याच्या नोंदी ठेवा आणि दुसऱ्याला अंगठा विरुद्ध बाजूला घ्या. मी पहिल्या वेळी दोन्ही उजवे केले होते, मग आणखी दोन डावे करून दोन जोड पुरे केले.

शेवटचे टाके शिवताना बारीक सुईनं वीण जुळवत शिवा, म्हणजे आतून वळ येत नाही. मायलेकी ताईंनी सांगितलं त्या पायांना हीच शिवण हवी. इंग्रजीत तिला किचनरचं नाव आहे, १९०२ ते १९०९ मध्ये हिंदुस्थानच्या सैन्याचे सरसेनापती होते तेच लॉर्ड किचनर.

तेरणाकाठ | २६ डिसेंबर, रात्री ९.१५

दोन्ही झाले. डावा आणि उजवा, अंगठ्यासकट. निळ्या रंगाचे. उजव्याचा अंगठा जरा लांब झालाय, कोपऱ्यात एक बारीक भोक राहिलंय, पण टाच जिथल्या तिथं बसते आणि घोट्याला वळ उठत नाही. अण्णांनी घातले, अंगणात चालून बघितलं, चप्पल चढवली. काही बोलले नाहीत, नुसता हात फिरवत बसले पायावरून.

रात्री पाण्याला निघाले तेव्हा बघते तर मोजे काढून घडी करून पेटीत ठेवलेले. म्हणाले, "चिखलात कामून घालू माय, खराब व्हतील." घरात घालतात, झोपताना घालतात, परवा लग्नाला घालून गेले. रानात तेवढं नेत नाहीत. मला ज्यासाठी करायचे होते तेच राहिलं.

काळं_घोंगडं | २६ डिसेंबर, रात्री ११.३०

उदगीरकडचा आहे. आमचं घर मेंढराचं. ताई, तुमचे अण्णा बरोबर आहेत, तसली लोकर रानात न्यायची नसती. बाजारातली बहुतेक लोकर ॲक्रेलिकची. धुवायला सोपी आणि लवकर वाळती, पण घाम शोषत नाही, आणि चुलीजवळ शेकायला ठेवली तर वितळती. मेंढीची लोकर ओल पिऊन घेती आणि ओली झाली तरी ऊब सोडत नाही. आमचे लोक पावसात घोंगडं पांघरून उभे राहतात ते त्याच्यामुळंच.

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ. अंगाला टोचती हे खरं, मऊ म्हणून कुणी सांगत असंल तर खोटं सांगतंय. पण झिजायला दमदार. वर्षातून दोनदा कातरतो. घोंगड्याचं सूत एकपदरी असतंय आणि ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, तसलं सूत मोज्याला घेऊ नका, कडक येतं. बिनखळीचं घ्या आणि दोन पदर एकत्र पिळून घ्या. एकपदरी मोजा टाचेला पहिल्या महिन्यात तुटंल. आतून पातळ सुती मोजा घालायचा म्हणजे टोचत नाही. चिखलाचं घाबरू नका, वाळला की झटकला की निघतो. रंग काळाच आहे.

सुलट_उलट | २७ डिसेंबर, सकाळी ८.१०

दोन पदरी हातसूत जाड असणार, आठ नंबरवर घे. तुझी ती आठ नंबर आता कामाला येईल. इंचाला साडेचार टाके धर, म्हणजे अंदाजे ४४ टाके. टाचेला २२, पण नमुना विणल्याशिवाय पक्कं करू नकोस. आत सुती मोजा येणार म्हणून दहावा हिस्सा वजा करायचा नाही, थोडी ढिलाई ठेव. धुवायला रिठ्याचं कोमट पाणी, पिळायचं नाही, सावलीत आडवं वाळवायचं. गरम पाण्यात टाकून घासलंस तर खरी लोकर आटते, ॲक्रेलिकचं हे भय नसतं म्हणून आपल्याला सवय नाही.

तेरणाकाठ | २७ डिसेंबर, दुपारी १.२०

दादा, बिनखळीचं सूत तुमच्याकडं मिळेल का? जोडाला किती लागेल? जे काही पैसे होतील ते सांगा, कमी करू नका.

काळं_घोंगडं | २७ डिसेंबर, रात्री ९.५०

पाव किलो द्यायला सांगतो, उरलं तर ठिगळाला होईल. आई टकळीवर कातती, तिला दोन पदर पिळायला सांगितलंय. ती विचारतीया की अंगठा वेगळा कसा करतात, तिला बघायचंय. पुढच्या आठवड्यात लातूरला येणं आहे. तुम्ही तो निळा जोड घेऊन या, मी सूत घेऊन येतो.

तेरणाकाठ | २७ डिसेंबर, रात्री १०.०५

येते. अण्णांना पेटीतून काढून द्यायला सांगते.